ओ-रिंग, 25 मिमी, 200 नग : व्यवसायातली खरेदी आणि पुरवठा समजून घेताना

स्टोअरमधून आलेल्या मागणीपत्रावर एवढंच लिहिलं होतं : ‘ओ-रिंग, 25 मिमी, 200 नग, अर्जंट.’ ओ-रिंग म्हणजे सांध्यातून तेल-पाणी गळू नये म्हणून बसवायची रबरी कडी. मी खरेदी विभागात नवा होतो. तीन ठिकाणांहून कोटेशन मागवली, सगळ्यांत कमी दरवाल्याला ऑर्डर दिली, चार दिवसांत माल आला. आधीच्या खरेदीपेक्षा दर खाली आला म्हणून बरंही वाटलं. पंधरा दिवसांनी मेन्टेनन्सचे लोक त्यातल्या दोन रिंगा घेऊन माझ्या टेबलाशी आले. रिंगा फुगल्या होत्या, बोटाने दाबल्या तर मऊ लागत होत्या, आणि ज्या मशीनला बसवल्या होत्या तिथून तेल गळत होतं.

ते रबर ईपीडीएम होतं. गरम पाणी आणि वाफ यांना ते छान टिकतं, पण खनिज तेलात फुगतं. तेलासाठी नायट्राइल रबर लागतं. पुरवठादाराने मला फसवलं नव्हतं. मी मागितलं तेच त्याने दिलं होतं. रबर कोणतं, 25 मिमी हा आतला व्यास की बाहेरचा, रिंगेची जाडी किती, ती किती तापमानात चालणार, यातलं काहीच त्या कागदावर नव्हतं. आणि मी विचारलंही नव्हतं.

खरेदीविषयी जे काही शिकलो त्याची सुरुवात त्या दोन फुगलेल्या रिंगांपासून झाली. खरेदी म्हणजे घासाघीस करून भाव खाली आणणं, असा पुष्कळांचा समज असतो. भाव महत्त्वाचा आहेच. पण चांगल्या-वाईट खरेदीचा निकाल बहुतेक वेळा भाव विचारण्याच्या आधी लागलेला असतो, नाहीतर माल आल्यानंतर लागतो.

पैशाचं गणित आधी

खरेदीकडे इतकं लक्ष का द्यायचं, ते एका साध्या उदाहरणावरून कळतं. समजा, एका व्यवसायाची विक्री 100 आहे. त्यातले 60 कच्चा माल, सुटे भाग आणि सेवा विकत घेण्यात जातात, 30 पगार, वीज, भाडं वगैरेत जातात आणि 10 नफा उरतो. आता खरेदीचा खर्च फक्त 5 टक्क्यांनी कमी केला, तर 3 वाचतात आणि नफा 10 वरून 13 होतो, म्हणजे 30 टक्के वाढ. हीच वाढ विक्रीतून हवी असेल आणि सगळे खर्च विक्रीबरोबर त्याच प्रमाणात वाढणार असतील, तर विक्री 100 वरून 130 वर न्यावी लागेल. विक्री 30 टक्क्यांनी वाढवणं किती अवघड असतं, ते धंदा करणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही.

हे गणित उलट दिशेनेही तसंच चालतं. खरेदीत 5 टक्के वाया गेले की नफ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा जातो. पण विक्री घसरली की सगळ्यांना दिसतं; खरेदीतली गळती शेकडो बिलांत विखुरलेली असते, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

काय हवंय, ते पक्कं करणं

जुन्या पाठ्यपुस्तकांपासून एक सूत्र चालत आलंय : योग्य दर्जा, योग्य नग, योग्य वेळ, योग्य ठिकाण आणि योग्य किंमत. ऐकायला सोपं, पण या पाच गोष्टी एकमेकींना ओढत असतात. माल उद्याच हवा असेल तर किंमत वर जाते. किंमत खाली हवी असेल तर जास्त नग घ्यावे लागतात आणि मग ते ठेवायला जागा लागते. खरेदी करणाऱ्याला रोज ठरवायचं असतं ते हेच, की आज या पाचांपैकी कशाला झुकतं माप द्यायचं.

गरज लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत वस्तूचं वर्णन द्यायचं : नायट्राइल रबर, आतला व्यास 25 मिमी, जाडी 3 मिमी. दुसरीत कामाचं वर्णन द्यायचं : अमुक तापमानाच्या तेलात, अमुक दाबाखाली, इतके तास गळती होता कामा नये. पहिल्या पद्धतीत डोकं आपण चालवतो आणि चूक झाली तर तीही आपलीच. दुसऱ्या पद्धतीत पुरवठादाराचं ज्ञान कामाला येतं. तो आपल्यापेक्षा त्या वस्तूत जास्त मुरलेला असेल, तर माझ्या मते दुसरी पद्धत चांगली. एखादा विशिष्ट ब्रँड लिहून टाकणं सर्वांत सोपं असतं, पण तिथेच आपण स्वतःचे बाकीचे रस्ते बंद करतो. ब्रँड लिहायचाच असेल तर पुढे ‘किंवा समतुल्य’ लिहावं आणि समतुल्य कशाला म्हणायचं तेही लिहावं.

गरजेपेक्षा जास्त मागण्याची सवयही तितकीच महाग पडते. यंत्रभागांच्या ड्रॉइंगवर प्रत्येक मापाला टॉलरन्स दिलेला असतो, म्हणजे माप किती वर-खाली चालेल याची मर्यादा. डिझाइन करणारा घाईत असला की सगळ्याच मापांना अधिक-उणे 0.05 मिमी लिहून मोकळा होतो. पण ज्या भोकातून नुसती वायर जायची आहे, तिथे अधिक-उणे 0.5 मिमीही चालतं. बारीक टॉलरन्स म्हणजे हळू मशीनिंग, जास्त तपासणी, जास्त रिजेक्शन, आणि या सगळ्याचा खर्च दरात येतो. अशा वेळी पुरवठादाराशी दोन टक्क्यांसाठी तासभर झगडण्यापेक्षा डिझाइनवाल्याकडे जाऊन ‘इथे इतकं बारीक माप खरंच लागतं का?’ एवढं विचारावं. खरेदीतली सर्वांत मोठी बचत बहुधा अशा प्रश्नात असते.

दर आणि खरी किंमत

कोटेशन आली की तुलनातक्ता बनतो. सगळ्यांत कमी आकड्याला गोल करायचं आणि सही घ्यायची, असा पुष्कळ ठिकाणी रिवाज आहे. कागदावर तो स्वच्छ दिसतो, पण कोटेशनवरचा दर हा किमतीचा एक भाग असतो.

एक पुरवठादार 100 दराने माल दारात आणून देतो आणि महिन्याचा माल महिन्याला पाठवतो. दुसऱ्याचा दर 92 आहे, पण वाहतूक आपली, ती 5 पडते, आणि तो एकदम सहा महिन्यांचा लॉट घ्या म्हणतो. म्हणजे 97. अजूनही स्वस्तच. पण सहा महिन्यांचा लॉट घेतला तर सरासरी तीन महिन्यांचा माल कायम पडून राहतो. पहिल्याकडे तो सरासरी अर्ध्या महिन्याचा असतो. जास्तीच्या अडीच महिन्यांत पैसा अडकतो, जागा जाते, विमा लागतो, माल खराब होतो. माल सांभाळण्याचा हा खर्च वर्षाला मालाच्या किमतीच्या 20 टक्के धरला, तर अडीच महिन्यांचे साधारण 4 टक्के होतात. 97 चे झाले 101. दुसऱ्याचा माल जास्त नापास होत असेल तर तो हिशेब अजून बाकीच आहे.

मशीन घेताना हा फरक आणखी वाढतो. पंप असो, कॉम्प्रेसर असो, मोटर असो. जी वस्तू वर्षानुवर्षं वीज खाणार, तिच्या खरेदीच्या किमतीपेक्षा आयुष्यभराचं वीजबिल कितीतरी मोठं असतं. त्यात देखभाल, सुटे भाग, बंद पडल्यावर थांबलेलं उत्पादन आणि शेवटी विल्हेवाट लावण्याचा खर्च धरायचा. याला मालकीचा एकूण खर्च म्हणतात. दर्जा-व्यवस्थापनातले डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांच्या प्रसिद्ध 14 मुद्द्यांपैकी चौथा मुद्दा हाच आहे : नुसत्या किमतीच्या चिठ्ठीवर काम देण्याची प्रथा बंद करा.

परदेशी खरेदीत आणखी एक खाचखळगा असतो. मालाची जोखीम कोणत्या क्षणी विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जाते, यासाठी पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने ठरवून दिलेल्या संज्ञा आहेत. त्यांना इन्कोटर्म्स म्हणतात. त्या पहिल्यांदा 1936 साली आल्या आणि 2020 च्या आवृत्तीत अशा 11 संज्ञा आहेत. त्यातल्या सीआयएफचा (CIF : किंमत, विमा आणि भाडं) अर्थ सर्रास चुकीचा घेतला जातो. सीआयएफमध्ये आपल्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा विकणारा भरतो, म्हणून ‘माल पोचेपर्यंत जबाबदारी त्याची’ असं वाटतं. प्रत्यक्षात माल तिकडच्या बंदरात जहाजावर चढला की जोखीम आपली. समुद्रात काही झालं तर विम्याचा दावा आपल्यालाच करावा लागतो. दरापुढची ती तीन अक्षरं दराइतकीच नीट वाचायची.

वाटाघाटीला बसताना

यावर मी फार लिहिणार नाही, कारण आवाज चढवून, घड्याळाकडे बघून, प्रतिस्पर्ध्याचा कागद समोर टाकून भाव पाडायच्या युक्त्या मला पटत नाहीत. तयारी उपयोगी पडते. त्या वस्तूत कच्चा माल किती, मजुरी आणि मशीनचे तास किती, वरचा खर्च आणि रास्त नफा किती, याचा आपला अंदाज आधी कागदावर असावा. समोरच्याचा दर आपल्या अंदाजापेक्षा फार वर असेल तर बोलायला जागा आहे. फार खाली असेल तर आनंदून जाऊ नये. त्याला काम समजलेलं नसतं किंवा तो कुठेतरी काटकसर करणार असतो. मी पुरवठादाराला एक प्रश्न नेहमी विचारतो : ‘आम्ही काय बदललं तर तुमचा खर्च कमी होईल?’ याची उत्तरं थक्क करणारी असतात. कधी पॅकिंग बदलायचं असतं, कधी दर आठवड्याची ऑर्डर पंधरवड्याची करायची असते, कधी नुसतं महिनाभर आधी कळवायचं असतं.

आणि आपला दुसरा पर्याय कोणता, हे बसण्याआधी ठाऊक हवं. तो नसेल तर आपण भाव करत नसतो, विनंती करत असतो.

किती मागवायचं, कधी मागवायचं

या प्रश्नाला शंभराहून जास्त वर्षांचं एक सुंदर उत्तर आहे. वेस्टिंगहाउस या अमेरिकी विद्युत कंपनीत काम करणारे फोर्ड व्हिटमन हॅरिस यांनी 1913 साली ते मांडलं. प्रत्येक ऑर्डरमागे काही खर्च असतो : कागदपत्रं, फॉलोअप, गाडी, माल उतरवून घेणं, तपासणी. थोडं थोडं मागवलं तर हा खर्च वाढतो. एकदम भरपूर मागवलं तर माल सांभाळण्याचा खर्च वाढतो. एकूण खर्च सर्वांत कमी होतो तो या दोन्हींच्या मधल्या एका बिंदूवर.

वर्षाला 1,200 नग लागतात, एका ऑर्डरमागे 100 खर्च येतो आणि एक नग वर्षभर सांभाळायला 6 लागतात, असं धरा. मागणी आणि ऑर्डरचा खर्च यांच्या गुणाकाराची दुप्पट करायची, तिला सांभाळण्याच्या खर्चाने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. उत्तर येतं 200. म्हणजे वर्षाला सहा ऑर्डर. ऑर्डरचा खर्च 600 आणि सरासरी 100 नग सांभाळण्याचा खर्चही 600, एकूण 1,200. दोन्ही खर्च समान झाले की तो बिंदू सापडला.

मला या सूत्रातली सर्वांत उपयोगी गोष्ट वेगळीच वाटते. 200 ऐवजी 300 मागवले तर एकूण खर्च 1,300 होतो. नग दीडपट झाले, खर्च जेमतेम 8 टक्क्यांनी वाढला. म्हणजे आकडा अगदी बरोबर यायलाच हवा असं नाही. जवळपास असला तरी चालतं. पॅकिंग 250 चं असेल तर खुशाल 250 घ्या. पण सहा महिन्यांचे 600 घेतले तर खर्च 2,000 वर जातो, तिथे मात्र विचार करायला हवा.

कधी मागवायचं, याचं उत्तर लीड टाइमवर अवलंबून असतं, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल वापरायला मिळेपर्यंतचे दिवस. रोज 40 नग लागत असतील आणि लीड टाइम 10 दिवस असेल, तर 400 नग उरले की ऑर्डर द्यायलाच हवी. त्यात तीन दिवसांचा जादा साठा धरला तर 520. या जादा साठ्याला सेफ्टी स्टॉक म्हणतात. स्टोअरमध्ये हे सगळं कॉम्प्युटरशिवायही करता येतं. दोन खोके ठेवायचे. पहिला संपला की ऑर्डर द्यायची आणि नवा माल येईपर्यंत दुसऱ्यातला वापरायचा. नट-बोल्टसारख्या किरकोळ गोष्टींना याहून चांगली पद्धत मी पाहिलेली नाही.

सेफ्टी स्टॉक किती ठेवायचा, हे लीड टाइम किती मोठा आहे यापेक्षा तो किती डळमळीत आहे यावर जास्त ठरतं. एक पुरवठादार सरासरी 8 दिवसांत माल देतो, पण कधी 4 दिवसांत, कधी 15 दिवसांत. दुसरा 12 दिवस घेतो, पण 12 म्हणजे 12. पहिला वेगवान वाटतो. त्याच्यासाठी मात्र 15 व्या दिवसाची तयारी कायम ठेवावी लागते. दुसऱ्यासाठी तारीख लिहून निर्धास्त राहता येतं. म्हणून प्रत्येक पुरवठादाराच्या कबूल तारखा आणि प्रत्यक्ष तारखा शेजारी-शेजारी लिहून ठेवाव्यात. वर्षभराने तो तक्ता कुठल्याही शिफारसपत्रापेक्षा जास्त सांगतो.

मागणीची फुगत जाणारी लाट

आपल्याकडचा साठा आपण हुशारीने सांभाळला तरी साखळीत एक विचित्र गोष्ट घडते. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला पॅम्पर्स डायपरच्या बाबतीत ती दिसली. बाळं रोज जवळपास तितकेच डायपर वापरतात. दुकानांतली विक्रीही फारशी वर-खाली होत नव्हती. पण वितरकांच्या ऑर्डर वर-खाली होत होत्या आणि कंपनीने आपल्या पुरवठादारांना दिलेल्या ऑर्डर तर त्याहूनही जास्त. चाबकाची मूठ जराशी हलवली की टोक फटकन मोठं वळण घेतं, तसं हे असतं. इंग्रजीतही याला चाबकावरूनच बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेतले जे फॉरेस्टर यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीसच या वागण्याचा उलगडा केला होता.

ते होतं कसं? ग्राहकांची मागणी 100 वरून 110 झाली. दुकानदार म्हणतो, मागणी वाढतेय, थोडा साठाही वाढवू. तो 120 मागवतो. वितरकाला ग्राहक दिसत नाही, फक्त 120 दिसतात. तोही आपला साठा वाढवतो आणि 140 मागवतो. कारखान्याला 140 दिसतात. तो जादा पाळी लावतो आणि कच्चा माल 180 चा मागवतो. महिन्याभराने सगळ्यांची गोदामं भरतात आणि सगळे एकदम ऑर्डर थांबवतात. कारखाना म्हणतो, बाजार कोसळला. बाजार तिथेच असतो, 110 वर.

यात मूर्खपणा कुणीच केलेला नसतो. प्रत्येकाने आपल्यापुरता शहाणपणाचा निर्णय घेतलेला असतो. खालच्याची ऑर्डर हीच मागणी, असं समजल्यामुळे हे होतं. टंचाईच्या काळात गरज 100 असताना ‘200 मागू, निदान 100 तरी मिळतील’ असं केल्याने लाट आणखी उसळते. सवलतीच्या योजनांनी आणि महिनाअखेरीच्या कोट्यांनीही तेच होतं. यावर उपाय एकच, पुढच्याला प्रत्यक्ष खप दाखवायचा. आपला आठवड्याचा खरा वापर आणि पुढच्या दोन महिन्यांचा अंदाज पुरवठादाराला दिला, तर त्याला आपल्या ऑर्डरवरून भविष्य ओळखत बसावं लागत नाही.

एकाच खांबावरचं छप्पर

17 मार्च 2000 रोजी अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की इथे वीज कोसळल्यामुळे फिलिप्सच्या चिप कारखान्यात आग लागली. आग दहा मिनिटांत विझली. पण चिप जिथे बनतात त्या खोल्यांत धुळीचा कणही चालत नाही. धूर आणि पाणी शिरल्यामुळे लाखो चिप वाया गेल्या. नोकिया आणि एरिक्सन या दोन्ही मोबाइल कंपन्या तिथून माल घेत. दोघींनाही आधी थोड्याच उशिराचा निरोप गेला. नोकियाने त्या चिप खास देखरेखीखाली घेतल्या, रोज चौकशी सुरू केली, दुसऱ्या कारखान्यांतून माल मिळवला, काही ठिकाणी डिझाइनही बदललं. एरिक्सनने निरोपावर विश्वास ठेवला आणि त्या भागासाठी त्यांच्याकडे दुसरा पुरवठादार नव्हता. त्यांचं सुमारे 40 कोटी डॉलरच्या विक्रीचं नुकसान झालं. पुढच्याच वर्षी एरिक्सनचा मोबाइल व्यवसाय सोनीबरोबरच्या भागीदारीत गेला. त्यामागे इतरही कारणं होती, पण त्या आगीचा धक्का मोठा होता.

तेव्हा प्रत्येक गोष्टीला दोन पुरवठादार हवेत, असं म्हणावंसं वाटतं. पण 1 फेब्रुवारी 1997 ची गोष्ट वेगळं काही सांगते. जपानमधल्या कारिया इथे आइसिन सेइकी कंपनीचा एक कारखाना जळाला. तिथे ब्रेकमधला एक छोटासा व्हॉल्व्ह बनत असे आणि टोयोटाला लागणारे जवळजवळ सगळे व्हॉल्व्ह तिथूनच येत. टोयोटा तर साठा कमीत कमी ठेवण्यासाठी नावाजलेली. हातात काही तासांपुरताच माल होता. जपानमधले त्यांचे बहुतेक कारखाने थांबले. बराच काळ जाईल असं वाटत होतं. पण आइसिनने ड्रॉइंग खुली केली आणि कित्येक कंपन्या तो व्हॉल्व्ह बनवायला पुढे सरसावल्या. शिलाई मशीनसाठी ओळखली जाणारी ब्रदर कंपनीही त्यात होती. आठवड्याभरात गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. पैशांचा सौदा आधी ठरवत बसायला कुणालाच वेळ नव्हता. वर्षानुवर्षांच्या व्यवहारातला विश्वास पुरेसा ठरला.

मग कुणाशी कसं वागायचं? व्यवस्थापन सल्लागार पीटर क्राल्जिक यांनी 1983 साली यासाठी एक चौकट मांडली आणि ती आजही वापरात आहे. प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारायचे : हिचा आपल्या नफ्यावर किती परिणाम होतो, आणि ही मिळण्यात किती जोखीम आहे? नफ्यावर परिणाम कमी आणि जोखीमही कमी, उदाहरणार्थ स्टेशनरी. तिथे डोकं शिणवू नये, वर्षाचं रेट काँट्रॅक्ट करून मोकळं व्हावं. परिणाम मोठा पण पुरवठादार भरपूर, तिथे निवांत भाव करावा. परिणाम मोठा आणि जोखीमही मोठी, तिथे पुरवठादाराला भागीदार समजून वरिष्ठांनी स्वतः बसावं. चौथा कप्पा सर्वांत फसवा असतो : किंमत किरकोळ, पण मिळाली नाही तर सगळं ठप्प. तिथे भाव करण्यात अर्थ नसतो. साठा ठेवावा आणि पर्याय शोधावा. माझी ओ-रिंग त्या कप्प्यातली होती आणि मी तिला स्टेशनरीसारखी वागवली होती.

कागद, हात आणि माणसं

परचेस ऑर्डर 500 नगांची. गेटवर आले 500, तपासणीत 20 नापास, म्हणून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची पावती, 480 ची. पुरवठादाराचं बिल 500 चं. तिन्ही कागद शेजारी ठेवले की 20 नगांचा फरक लगेच दिसतो. जीआरएन न बघता बिल मंजूर झालं तर ते पैसे गेले. म्हणून हा तीन कागदांचा मेळ प्रत्येक बिलाला घालायचा असतो. मागणी करणारा, ऑर्डर देणारा, माल उतरवून घेणारा आणि पैसे देणारा ही माणसं वेगवेगळी असावीत. यात कुणावर अविश्वास दाखवलेला नसतो. प्रामाणिक माणसाचंही त्यामुळे संशयापासून रक्षण होतं. मंजुरीची मर्यादा चुकवण्यासाठी एका ऑर्डरच्या तीन ऑर्डर करणं, पुरवठादाराकडून भेटी घेणं, नातेवाइकाची फर्म गुपचूप यादीत घालणं, या गोष्टी लहान दिसतात तेव्हाच थांबवायच्या असतात.

पेमेंटबद्दल मला कळकळीने सांगायचंय. पुरवठादाराचे पैसे अडवून ठेवणं म्हणजे फुकटचं भांडवल, असं मानणारी मंडळी खूप आहेत. पुरवठादाराला मात्र पगार आणि कच्च्या मालाचे पैसे वेळेवर द्यावेच लागतात. आज ना उद्या तो ते व्याज दरात धरतो. टंचाई आली आणि त्याच्याकडे दहा जणांच्या ऑर्डरपैकी चारच भरण्याइतका माल असला, की तो वही उघडून बघतो, कोण वेळेवर पैसे देतं.

दराच्या आणि तारखेच्या दडपणाचा भार साखळीत खाली सरकत जातो आणि शेवटी ज्याला तो पुढे ढकलता येत नाही त्याच्या अंगावर पडतो. 24 एप्रिल 2013 रोजी बांगलादेशात ढाक्याजवळच्या साभारमध्ये राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि तिथल्या कपड्यांच्या कारखान्यांतले 1,100 हून अधिक लोक गेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावलं गेलं. तिथून कपडे घेणारे ब्रँड हजारो मैलांवर होते. आपला माल कुठे, कशा छताखाली, कुणाच्या हातून तयार होतो, हे जाऊन पाहणं खरेदीच्याच कामात येतं. एका फेरीत जे कळतं ते पन्नास ई-मेलमध्ये कळत नाही.

सुरुवात करायची असेल तर

वर्षभराची बिलं घ्या आणि वस्तूंनुसार रकमेची बेरीज करून मोठ्यापासून लहानाकडे लावा. बहुधा असं दिसतं की पाचव्या हिश्श्याच्या वस्तूंमध्येच खर्चाचा मोठा भाग आहे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत 1950 च्या सुमारास मोठ्या, मध्यम आणि किरकोळ खर्चाच्या वस्तूंच्या या विभागणीला ए, बी, सी अशी नावं मिळाली. वरच्या दहा वस्तू घ्या आणि प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहा : पूर्ण वर्णन, प्रत्यक्ष लागलेला लीड टाइम, आणि दुसरा पुरवठादार कोण. रकाने रिकामे राहिले तर तिथून कामाला लागा.

नंतर स्टोअरच्या आणि मेन्टेनन्सच्या माणसांना विचारा, कोणती स्वस्त वस्तू संपली की काम थांबतं. रकमेच्या यादीत ती कधीच वर येत नाही. माझ्या पहिल्या यादीत मी तिला अकरावी ओळ म्हणून हाताने जोडलं : ‘ओ-रिंग, नायट्राइल, आतला व्यास 25 मिमी, जाडी 3 मिमी, हायड्रॉलिक तेलासाठी, किमान साठा 50.’